नवऱ्याची साक्ष

माझा नवरा साक्ष फार छान देतो. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. आमच्या चर्चच्या मंडळीत ज्याचं तारण झालं, म्हणजे देवाने ज्याला पापातून सोडवलं, त्याने उभं राहून ते कसं झालं हे सगळ्यांना सांगायचं असतं. एरवी घरात हूं का चूं न करणारा हा माणूस, माईक हातात आला की अर्धा तास थांबत नाही. आधी रत्नागिरीपुरतंच होतं, आता खेड, पोफळी, पार नाटे गावापर्यंत बोलावणी येतात. घरात मी त्याला ‘अहो’ म्हणते. हे सांगताना म्हणणार नाही.

त्या साक्षीत मी असते. “ही माझी बायको. हिला मी दारूच्या नशेत गुरासारखं मारायचो,” असं म्हणून तो माझ्याकडे हात करतो. सगळ्या माना वळतात. पुढच्या सतरंजीवर इस्त्रीची साडी नेसून मी बसलेली. बायका डोळ्यांना पदर लावतात, पण माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. केवढा बुडाला होता आणि देवाने केवढा वर काढला! मार जितका मोठा तितकी कृपा मोठी, म्हणून दर खेपेला मार वाढत जातो. एकदा त्याने उकळत्या आमटीचं पातेलं माझ्या अंगावर फेकल्याचं सांगितलं. पातेलं त्याने कधीच फेकलं नव्हतं.

जे केलं ते मात्र सांगत नाही. माझा डावा कान गेला तो दारूने नव्हे. सकाळची वेळ होती. चहा झालेला, दाढी केलेली, हा बर्फाच्या कारखान्यात कामाला निघालेला. मी म्हटलं, मला बालवाडीत शिकवायला बोलावलंय, मी जाणार. त्याने हातातला डबा खाली ठेवला आणि कानाखाली मारली. एकच. मग डबा उचलून कामावर गेला. पूर्ण शुद्धीत. साक्षीत बाकी सगळं दारूच्या नावावर खपतं, ही सकाळ खपत नाही, म्हणून ती गाळलेली आहे.

मी जन्मापासून ख्रिस्ती. तारण विश्वासाने होतं, आपल्या कर्तबगारीने नाही, हे वडिलांनी मला लहानपणीच शिकवलं आणि मी ते अजूनही मानते. चांगल्या कामांनी स्वर्ग मिळत नाही, हे तेव्हा कळलं. वाईट कामांनी तो जातही नाही, हे लग्नानंतर कळलं. एका संध्याकाळी हा गुडघ्यांवर आला, ढसाढसा रडला, विश्वास ठेवला आणि सगळं माफ. माझी माफी मागायची तेवढी राहिली. मी पुष्कळ वाट पाहिली. शेवटी विचारलं, तर म्हणतो, “देवाने विषय संपवलाय, तू कशाला उकरून काढतेस?”

गेल्या थंडीत खेडला मोठी सभा होती. त्याची साक्ष झाली, हालेलूया झालं, आणि तिथल्या पास्टरनी मला पुढे बोलावून माईक दिला. “ताई, तुम्ही यांना माफ केलंत ना? सांगा सगळ्यांना.”

मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, “अहो, आधी माझा कान कधी गेला ते सांगा. तेव्हा तुम्ही प्यायलेले नव्हतात.”

तो खाली बघत राहिला. मला वाटलं, बोलेल. खरंच वाटलं. माझं मागणं एवढंच होतं की एकदा त्याने खरं ते म्हणावं. तेवढ्यात कीबोर्डवाल्याने गाणं सुरू केलं आणि हा दोन्ही हात वर करून सगळ्यांत मोठ्याने गायला लागला.

परतीच्या एसटीत आमच्या मंडळीतली एक म्हातारी मला म्हणाली, “अगो बाय, देवान माफ केलंन त्याला, तू कोण मोठी लागून गेलीस?”

मी कोण? जिचा कान गेला ती.

मग आमच्या पास्टरनी ठरवलं की माझ्या मनात कडवटपणा आहे, तो जाईपर्यंत मी प्रभुभोजनाची भाकरी घेऊ नये. कडवटपणा आहेच, नाही कोण म्हणतंय? पण भाकरीचं ताट माझ्यासमोरून तसंच पुढे जातं आणि पलीकडे पुरुषांच्या बाजूला तो डोळे मिटून खातो, तेव्हा माझ्या अंगाची आग आग होते. विश्वास माझाही आहे. त्या सकाळी घरात तिसरं कोणी असेल तर तो देवच होता. त्याने पाहिलंय, या एका भरवशावर मी इतकी वर्षं काढली.

आता दर शुक्रवारी आमच्या घरी प्रार्थना असते, माझं तारण व्हावं म्हणून. परवा नवरा स्वतः उठला. डोळ्यांत पाणी आणून माझ्यासमोर उभा राहिला आणि आशीर्वादासाठी माझ्या डोक्यावर ठेवायला त्याने हात उचलला. मी दचकून मान मागे घेतली. दोन्ही हात आपोआप कानांवर गेले.

“बघा,” पास्टर सगळ्यांना म्हणाले, “अजून कशी विरोध करतेय.”