टेबलाखालच्या चपला

काका नकाशात शिरताना चपला काढायचे. हे मी अलंकारिक बोलत नाही. आमच्या विरारच्या, इमारतींचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात ते सकाळी साडेदहाला येत, डबा खिडकीत ठेवत, कॉम्प्युटर सुरू करत आणि पडद्यावर इमारत उघडली की दोन्ही चपला टेबलाखाली जोडून ठेवत. मग अनवाणी पायांनी लोकांच्या घरांत हिंडत. पहिल्याच दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, "काका, फरशी अजून बसायची आहे. चपला चालतील." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फरशी नसंल. पन मानसं हायेत ना?"

काका आगाशीच्या पलीकडच्या एका भातशेतीवाल्या घरातले. बोलण्यात 'ण' औषधालाही नव्हता. ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारण्यात आणि चुकलेली रेघ ब्लेडने खरवडण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली, आणि पन्नाशीनंतर ते हे इमारतीचं सॉफ्टवेअर शिकले. त्यांचा हुद्दा काय, हे कोणालाच धड सांगता येत नसे. ऑफिसातून बाहेर पडणारा प्रत्येक नकाशा त्यांच्या नजरेखालून जायचा, एवढं खरं. मी मात्र डिग्री आणि दोन सर्टिफिकिटं घेऊन आलो होतो. अनवाणी माणूस मला काय शिकवणार?

ते दुसऱ्याच आठवड्यात कळलं. एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं काम चालू होतं. सात मजले, मजल्यावर चार घरं, सगळी एका छापाची. असलं घर एकदाच काढायचं, भिंती-दारं-खिडक्या बांधून त्याचा 'ग्रुप' करायचा आणि तोच अठ्ठावीस ठिकाणी ठेवायचा. एका ग्रुपमध्ये शिरून काही बदललं की सगळीकडे बदलतं. मोठी सोय. मी एका घरात शिरलो, स्वयंपाकघराचं दार जरा सरकवावं म्हणून जुनं काढलं आणि नवं बसवायच्या आधी चहाला गेलो. दार काढलं की हे सॉफ्टवेअर भिंत आपणहून बुजवतं. परत येतो तर काका माझ्या पडद्यासमोर उभे.

"अठ्ठावीस घरांतली मानसं सयपाकघरात कोंडलीस तू," ते गंभीरपणे म्हणाले. "मघापासून भिंती ठोकतायत. ऐकू येत नाय तुला?"

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो? पण तेव्हापासून ग्रुपमध्ये शिरायची मी अशी धास्ती घेतली की विचारू नका.

काकांची दुसरी सवय टॅग चाळण्याची. नकाशावर प्रत्येक दाराशेजारी छोटी खूण असते, दाराच्या मापाप्रमाणे डी-एक, डी-दोन, डी-तीन. तोच टॅग. तो आपण लिहायचा नसतो. तो दाराला जोडायचा, आणि दार जे असेल ते टॅग आपण होऊन सांगतो. दार बदललं की टॅग बदलतो. काका नकाशा तपासताना एकेका टॅगवर माऊस नेत आणि हळूच विचारत, "कुनाचा रे तू?" टॅग खरा असेल तर त्याचं दार उजळायचं. मग काका समाधानाने मान हलवून पुढच्या दाराशी जायचे. शेकडो टॅग, शेकडो वेळा "कुनाचा रे तू?" आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. सर्वांत चांगली मी करायचो.

आता माझा मोठा पराक्रम. त्याच सोसायटीतल्या एकशे तीन नंबरच्या आजी चाकाच्या खुर्चीवर होत्या. त्यांच्या न्हाणीघराचं दार रुंद करा, असं सोसायटीने लेखी कळवलं. काम माझ्याकडे आलं. न्हाणीला सगळीकडे डी-तीन, म्हणजे साडेसातशे मिलिमीटरचं दार. आजींना डी-एक हवं, नऊशेचं. त्यासाठी ग्रुपला हात लावणं आलं, आणि माझ्या कानांत अठ्ठावीस घरं भिंती ठोकू लागली. मग मला एक अफलातून कल्पना सुचली. मी तिथला टॅग पुसला आणि त्याच जागी, त्याच अक्षरांत, त्याच मापाने हाताने लिहिलं, डी-एक. दार होतं तसंच ठेवलं. कागदावर कोणाच्या बापाला कळलं नसतं. दारांची यादी सॉफ्टवेअर स्वतः मोजून काढतं, लिहिलेल्या अक्षरांवरून नाही, बसवलेल्या दारांवरून. ती मी न वाचताच कामणला, चौकटी बनवणाऱ्या कारखान्याकडे, मेल करून टाकली आणि शीळ घालत जेवायला बसलो.

जेवण अर्ध्यावर असताना काकांचा आवाज आला. "कुनाचा रे तू?"

मग पुन्हा, जरा मोठ्याने, "अरे, कुनाचा तू?"

मी डबा तसाच ठेवून उठलो. काकांनी वळूनही पाहिलं नाही. "हा बोलत नाय. कोनी लिवला?"

"मी," मी म्हणालो. "ग्रुप उघडायची भीती वाटली, काका."

मला वाटलं, आता ऑफिस पुन्हा हसणार. पण काकांनी आधी फोन उचलला. कामणचा माणूस म्हणाला, यादी मिळाली, न्हाणीच्या चौकटी जेवणानंतर कापायला घेतोय. "हात लावू नको," काका म्हणाले, "संध्याकाळी नवी यादी देतो." फोन ठेवून त्यांनी टेबलाखालच्या चपला पायात सरकवल्या, खणातला मापाचा टेप माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चल."

आजी इमारत होईपर्यंत आगाशीत भाड्याने राहत होत्या. काकांनी दारातच सांगून टाकलं, "आजी, ह्याला तुमची खुर्ची मापायचीय. हा तुम्हाला न्हानीबाहेर ठेवनार होता."

"अगो बाई! मी काय वाकडं केलं याचं?"

मी गुडघ्यावर बसून खुर्ची मापली. सहाशे सत्तर. डी-तीनमधून चौकट वजा केली की साडेसहाशे उरत होते. "आणि बोटं?" आजींनी चाकांवर हात ठेवून दाखवले. "ती काय घरी ठेवून न्हाणीत जाऊ?" मी पुन्हा मापलं, बोटांसकट. इतका वेळ मी दार मापत आलो होतो. माणूस मापायची ती पहिलीच खेप.

परत आल्यावर काकांनी चपला काढल्या. "तू पन काढ," म्हणाले. मी बूट काढले. मग त्यांनी शिकवलं. ग्रुपची आधी नक्कल करायची, तिला वेगळं नाव द्यायचं, एकशे तीनमध्ये ती बसवायची आणि फक्त तिच्यात शिरून दार बदलायचं. बाकीच्या सत्तावीस घरांना धक्का नाही. सॉफ्टवेअर त्या नकलेला 'प्रकार दोन' म्हणत होतं. काकांनी ते खोडून टाइप केलं, 'आजी'. मी खरं दार बसवलं, टॅग जोडला, त्यावर माऊस नेला आणि, कोणी हसो न हसो, विचारलं, "कुनाचा रे तू?" आजींचं दार उजळलं. संध्याकाळी कामणला नवी यादी गेली.

इमारत उभी राहिली. वास्तुशांतीला आजी खुर्चीवरून थेट न्हाणीत जाऊन आल्या, दोन्ही हात वर करून सगळ्यांना बोटं दाखवली. काका दाराबाहेर चपला काढून उभे होते. मला हळूच म्हणाले, "बघ, मी इथं आधी येऊन गेलोय."

वर्षभराने ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही एक नकाशा तपासला, केक खाल्ला, पाया पडणाऱ्यांच्या तावडीतून कशीबशी सुटका करून घेतली आणि रिक्षात बसून गेले. अर्ध्या तासाने माझं लक्ष टेबलाखाली गेलं. चपला तिथेच. काका अनवाणीच घरी गेले होते.

मी लगेच फोन लावला. "काका, चपला राहिल्या. उद्या आणून देतो."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. काका म्हणाले, "नको. तिथंच ऱ्हाऊ दे. भायेर चपला दिसल्या, की आत मानूस हाय असं वाटतं."

त्या अजून तिथेच आहेत. ते टेबल आता माझं आहे. माझे बूट मी त्यांच्या शेजारी काढतो.