विटांचं घर स्वस्त कसं पडतं

“पाणी माराले पोरगी आहेच ना घरी.”

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते, तेव्हा हे वाक्य बाहेरच्या खोलीतून ऐकू आलं. बोलणारे मोठे बाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पोरगी म्हणजे अर्थातच मी. बाहेर आमच्या नव्या घराचा हिशेब चालू होता. चिखली रस्त्यावरच्या प्लॉटवर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाया खोदायचा होता. घर विटांचं बांधायचं की कारखान्यात तयार होऊन ट्रकमधून येणारं आणायचं, यावर आमच्याकडे आठवडाभर रोज संध्याकाळी बैठक बसत होती.

जूनमध्ये मला नाशिकच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला रुजू व्हायचं होतं. वडिलांना ते मी आधीच सांगितलं होतं आणि ते “बघू” म्हणाले होते. आमच्या घरात “नाही” हा शब्द कुणी वापरत नाही, उगाच वाईट दिसतं. विटांच्या भिंतींवर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, आणि ते घर दिवाळीच्या आत काही उभं राहणार नव्हतं. मोठ्या बाबांनी एका वाक्यात माझी नोकरी भिंतीत चिणून टाकली होती, आणि चहात साखर कमी घाल असंही वरून सांगितलं होतं.

तयार घराची कल्पना माझ्या भावाची. तो पुण्यात राहतो आणि तिथून गावाकडच्या अडचणींवर उपाय पाठवतो. या वेळी त्याने व्हिडिओ पाठवला होता. क्रेन भिंत उचलून ठेवते, वर छप्पर बसतं आणि लगेच एक बाई हसत हसत खिडकीतल्या कुंडीला पाणी घालते. वडिलांनी तो व्हिडिओ आल्या-गेल्या प्रत्येकाला दाखवला. भावाने रजा टाकून बांधकामावर उभं राहावं असं मात्र कुणाला सुचलं नाही. त्याला नोकरी आहे.

त्या संध्याकाळी तयार घरांच्या कंपनीचा माणूस स्वतः आला होता. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा त्याने पिशवीतून भिंतीचा एक तुकडा काढून टीपॉयवर ठेवला होता, पावाच्या लादीएवढा. मोठ्या बाबांनी तो बोटांनी वाजवला, कानाजवळ नेऊन पुन्हा वाजवला. टरबूज घेतानाही ते असंच करतात.

“पोकळ वाजते हो,” ते म्हणाले.

आत फोम असतो, त्यामुळे उन्हाळ्यात घर गार राहतं, असं त्या माणसाने समजावलं. बुलडाण्याच्या उन्हाबद्दल त्याला काय माहीत, असा चेहरा करून मोठ्या बाबांनी पुढचा प्रश्न टाकला. चौकट कोणत्या दिवशी बसते?

आमच्याकडे घराची किंमत काहीही असो, चौकट बसते त्या दिवशी घर झालं असं मानतात. चौकटीला हळद-कुंकू, आंब्याची पानं, मिस्त्रीला टॉवेल-टोपी, मामाकडून आहेर आणि भावकीला जेवण. कंपनीच्या माणसाने निरागसपणे सांगितलं की दार कारखान्यातूनच भिंतीत बसून येतं.

मोठ्या बाबांनी तो तुकडा टीपॉयवर परत ठेवला.

“मंग पूजा कराले काय आमी कारखान्यात यायचं?” मोठ्या बाबांनी विचारलं.

“या ना सर, आमच्याकडे कँटीन पण आहे,” तो म्हणाला. त्याला खरंच मदत करायची होती.

मग वडिलांनी त्याचा खर्चाचा इंग्रजी कागद माझ्या हातात दिला. माझं इंग्रजी माध्यम आमच्या घरात दोन गोष्टींसाठी कामी येतं, औषधांच्या बाटल्या वाचायला आणि मिक्सरची माहितीपत्रकं वाचायला. शाळेत मराठी बोललं की दंड होता आणि घरी माझ्या पुस्तकी मराठीला सगळे हसायचे, त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. वाचून दाखवायला मात्र माझी हरकत नसते, शब्द दुसऱ्याचे असतात.

वरची रक्कम मोठ्या अक्षरात होती आणि विटांच्या घरापेक्षा खरोखर कमी होती. खाली बारीक अक्षरात बाकीचं. पाया वेगळा. ट्रकभाडं वेगळं. क्रेन वेगळी. संडासाची टाकी वेगळी. विजेची फिटिंग वेगळी, कर वेगळा. प्रत्येक “वेगळं” ऐकून मोठे बाबा आणखी खूश होत होते. शेवटी, पाया नसलेली, दिवा नसलेली, शिवाय आमच्या प्लॉटपर्यंत न येणारी एक मोठी पेटी तेवढी स्वस्त होती. कंपनीचा माणूस आपला तुकडा पिशवीत भरू लागला.

आता विटांच्या घराची पाळी. रेती, गिट्टी, विटा, सळई, मिस्त्री, सगळं मोठ्या बाबांना तोंडपाठ होतं. त्यांनी एकेक बोट मोडत आकडा वाढवत नेला आणि तो तयार घराच्या जवळ येऊ लागला तसा त्यांचा आवाज बदलला. देखरेख? घरची. मजुरांचा दोन वेळचा चहा? घरचा. टँकर आला की हौद भरून घेणं? घरचं. घरचं म्हणजे फुकट. तयार घराला बारीक अक्षरं तरी छापावी लागली होती, विटांच्या घराला तेवढाही खर्च नव्हता.

या घरी दिवसा असतं कोण, हे मी मनात मोजून पाहिलं. वडील चिखलीला त्यांच्या कापडाच्या दुकानात. मोठे बाबा येतात ते संध्याकाळी, बैठकीपुरते. आईचे गुडघे जिना चढू देत नाहीत. उरले मी.

आई दारात उभी होती. तिला वाटलं मला धीर हवा आहे. ती हळूच म्हणाली, “हे घर बांधलं तवा तू पोटात होती. सहा महिने मीनंच पाणी मारलं. पाह्य, भिंतीले अजून तडा नाही गेला.” ती अभिमानाने भिंतीकडे बघत होती. मी तिच्या गुडघ्यांकडे बघितलं.

कंपनीचा माणूस चहा संपवून नमस्कार करून गेला. वडिलांनी निर्णय झाल्यासारखा हात मांडीवर आपटला. मग रीत म्हणून, कागद अजून माझ्याच हातात होता म्हणून, त्यांनी मला विचारलं, “तू तं दोन्ही आयकलं बेटा. सांग, कोणतं स्वस्त पडते?”

उत्तर त्यांना ठाऊक होतं. मोठे बाबा बशीत चहा ओतत होते, त्यांनी वरसुद्धा पाहिलं नाही. माझ्या पुस्तकी मराठीतला एक शब्दही मला त्या क्षणी आठवेना.

“इटाचंच बांधा, बाबा,” मी म्हणाले. “पण रोजानं एक माणूस लावा, त्याची मजुरी आताच धरा. मी जूनमध्ये नाशिकले चालली.”