जार पडायची वाट

सिन्नरजवळच्या आमच्या गावात गाय व्याली की वासराला लगेच पाजत नसत. आधी जार, म्हणजे वासरामागून येणारी वार, पडायचा, मग चीक, ते पहिलं घट्ट दूध. त्याआधी पाजलं तर जार आतच अडकतो, असं सगळेच मानत. वासरू सडाकडे वळलं की आई त्याला मांडीशी धरून बसायची.

मी बारावीत असताना आमची तांबडी गाय सकाळी व्याली. कालवड झाली. दुपार उलटली तरी जार लोंबतच होता. कालवड उठायला बघायची, मागचे पाय थरथरायचे आणि परत बसायची.

"आई, थोडं पाज ना तिला."

"तुला लय कळतं! पुस्तकात हाय का गाय?"

"नाय."

"मंग गप ऱ्हा."

दिवस कलला तेव्हा जार पडला. आईनं कालवडीच्या पोटाखाली गोणपाट घालून तिला उभं केलं, सड तोंडात दिला. तिला ओढताच येईना. तिसऱ्या दिवशी ती गेली. "माझ्याच हातानं गेली," आई एकदाच म्हणाली. पुढं गाय विकली, दुसरी आणली नाही.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, जनावरांची डॉक्टर व्हायला. तिथं सरांनी आम्हाला सेलेनियम नावाच्या खनिजाबद्दल शिकवलं. जमिनीत कमी असलं की चाऱ्यात कमी, गाभण गाईत कमी आणि तिच्या पोटातल्या वासरातही कमी. अशा वासराचे स्नायू दुबळे राहतात, त्याला उभं राहता येत नाही, चोखता येत नाही. आणि अशाच गाईचा जारही बऱ्याचदा वेळेवर पडत नाही. इथं माझं पेन थांबलं. ज्या वासराला चिकाची सगळ्यात जास्त घाई, त्यालाच आमच्याकडं सगळ्यात जास्त थांबावं लागत होतं. ते समजावून देणाऱ्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. पण आईला मी काही सांगितलं नाही. त्यात तिच्यासाठी अर्धा दिलासा होता आणि अर्धा ठपका.

आता आई माझ्याकडं नाशकात असते, द्वारका चौकाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. गोठ्यांवर फिरून आले की कपडे मी लगेच धुवायला काढते. "राहू दे गं जरा," असं म्हणून ती ते मांडीवर घेऊन बसते. शेणाचा वास असतो त्यांना.

मागच्या महिन्यात तिला सोबत नेलं. सिन्नरकडच्या एका गोठ्यात नुकतीच गाय व्याली होती. वासरू अशक्त होतं आणि मालकीणबाई त्याला धरून जार पडायची वाट बघत होत्या.

"ताई, आत्ताच पाजा," मी म्हणाले. "चोखल्यानं जार अडकत नाही, उलट पडायला मदतच होते."

मग वासराचं वजन घेतलं आणि सेलेनियमचं इंजेक्शन मोजून भरलं. ते जास्त झालं तर विषच. कशासाठी देतेय तेही त्यांना सांगितलं. आई दावणीला टेकून सगळं ऐकत होती.

परतीच्या वाटेवर तिनं विचारलं, "आपल्या कालवडीला हेच झालं व्हतं का?"

"रक्त तपासलं नव्हतं, आई. नक्की नाही सांगता येत."

"अन् मी लगेच पाजली असती तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "कदाचित जगली असती."

आई खिडकीतून बाहेर बघत राहिली.

सकाळी चहा ठेवायच्या आधी म्हणाली, "त्या बाईला फोन लाव."

मी लावला. वासरू उभं राहिलं होतं. सांगितलं तर आईनं फोनच हातातून घेतला. "उभं ऱ्हायलं ते ठीक. चोखतंय का? दोन्ही बाजूंचे सड घेतंय? शेपूट हालवतंय का पिताना?" ऐकता ऐकता तिचा मोकळा हात पुढं झाला, बोटं वाकली, वासराचा जबडा धरल्यासारखी.

फोन परत देताना म्हणाली, "उद्या परत लाव."