आप्पांनी मला खाली ठेवलं

निपाणीच्या मोटारीतून उतरलेला आमच्या गावचा माणूस शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी वर्गावर होतो. "आप्पा गेलं, मास्तर," एवढंच तो म्हणाला. देवगोंडा आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. त्याला आता महिना होऊन गेला. रडायचं ते रडून झालं... आता जरा ताठ मानेनं लिहितो. आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मी, आणि तो मी कसा झालो हे आप्पांना सोडून सांगताच येत नाही.

लहानपणी तापानं माझा उजवा पाय लुळा पडला, डावा जेमतेम टेकण्यापुरता राहिला. सुतारानं करून दिलेल्या कुबड्या घरातल्या घरात चालायच्या. शाळेला मात्र आप्पांच्या पाठुंगळी. गावची शाळा झाली, निपाणीचं हायस्कूल झालं, मिसरूड फुटलं, तरी पाठ तीच. मॅट्रिक झालो तेव्हा वडील म्हणाले, "बेळगावला कॉलेजात घालू. उचलायला एक गडी देऊ संगं." सगळ्यांना बरं वाटलं. शेंगा फोडत बसलेले आप्पा तेवढे म्हणाले, "गडी नगं, अण्णा. गडी दिलासा तर ह्यो शिकंल, पर जलमभर उचललेलाच ऱ्हाईल." वडील भडकले. "मग एकटा जाणार व्हय त्यो? मळ्यातनं घरापतूर चालत आणून दाखीव, मग बोल. न्हायतर बसू दे इथंच, तंबाखूच्या वखारीत." कॉलेज उघडायला उन्हाळा तेवढा मध्ये होता.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला मळ्यात नेलं आणि नांगरलेल्या रानात खाली ठेवलं. मला वाटलं, आता चालायला शिकवणार. ते म्हणाले, "पड." मी बघतच राहिलो. "अरं पड की! चालायचं मागनं. जो पडायला भितोय त्यो चालतोय कुठला?" कुबडी घट्ट धरून पडलं की मनगट जातं, आधी कुबडी सोडायची, मग अंग सोडायचं, हे त्या भुसभुशीत मातीत मी शिकलो. मग पडल्यावर उठायचं. ढेकळं अंगाला, माती तोंडात. बांधावरनं जाणारे थांबून विचारायचे, "काय रं देवगोंडा, म्हातारा झालास काय? पोरगं जड झालं?" आप्पा म्हणायचे, "जड झालं न्हाय, मोठं झालं."

मग वडिलांना घरापर्यंत चालून दाखवायचा दिवस आला. आम्ही जैन, दिवस मावळला की आमच्यात कुणी जेवत नाही, म्हणून उन्हं असतानाच मळ्यातून निघालो. आप्पा मागं, हात लावायचा नाही या बोलीनं. ओढ्याच्या चढावर मी पडलो, उठलो, पुन्हा पडलो. काखा सोलून निघाल्या होत्या. सूर्य टेकायला आला. "आप्पा, आई ताट घेऊन बसली असंल. उचला की आता." आप्पा धोंड्यावर बसले. दिवसभर कुळव मारून आलेला माणूस तो. म्हणाले, "बसू दे. मी बी उपाशीच हाय की." मला इतका राग आला, की त्या रागातच चढ चढलो.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई आप्पांवर तुटून पडली. "भावजी, लेकराला उपाशी ठेवलासा! काळीज हाय का धोंडा?"

"माझं प्वाट तर कुठं भरलंय, वैनी?"

वडील उंबऱ्यात उभे होते. माझ्या मातीनं भरलेल्या कुबड्यांकडे बघत राहिले... मग म्हणाले, "देवगोंडा, उद्या निपाणीला जाऊन बेळगावची मोटार कधी सुटती ते इचारून ये." त्या रात्री आम्ही दोघे उपाशी झोपलो. तसं सुखाचं उपाशीपण पुन्हा आलं नाही.

कॉलेजच्या पायऱ्यांवर पहिल्याच आठवड्यात पडलो. मुलं धावली. पण मी कुबडी आधी सोडली होती. उठलो, धोतर झटकलं आणि वर्गात गेलो. माझ्याइतकं चांगलं पडता येणारा त्या कॉलेजात दुसरा कुणी नव्हता, हे आजही छाती काढून सांगतो.

मास्तरकी लागल्यावर बेळगावातच, शहापुरात साळ्यांच्या आळीत खोली घेतली, लग्न झालं. खाली दिवसभर हातमागांची खटखट. आप्पा बाजाराला आले की यायचे, भिंतीला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "पाणी दे रं, मास्तर." बायको उठली की तिला बसवायचे. "तू बस गं पोरी. मी पाव्हणा ह्याचा हाय." एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात तांब्या, निम्मं पाणी वाटेतच सांडायचं. उरलेलं ते सावकाश प्यायचे, भरला तांब्या असल्यासारखं.

परवा शेजारचे साळी समाचाराला आले. बायको पाण्याला उठली. मी तिला बस म्हणालो आणि कुबडी काखेत घेतली. पाणी हिंदकळताना बघून ते बिचारे घाईनं अर्धवट उठले, तांब्या घ्यायला हात पुढे केला.

"बसा," मी म्हणालो. "आणतोय मी."