यमुनाकाकूंचे रविवार

यमुनाकाकूंनी वॉल्टरच्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले, तेव्हा त्यांची आणि त्याची ओळखसुद्धा नव्हती. शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या बागेत तो म्हातारा लांब दांड्याचं एक मशीन गवतावरून फिरवत चालला होता. जमिनीत धातू असला की ते कानात वाजतं. काकू थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवले, जरा वेळ ऐकलं आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला, इथंच खण म्हणावं. तांबं आहे." मी लाजेनं अर्धमेला झालो. वॉल्टरनं खणलं. त्याच्या आजोबांच्या काळातला तांब्याचा सेंट निघाला, म्हणजे आपल्या पैशासारखं नाणं.

काकू नाशिकच्या तांबटाची लेक. भांडी ठोकण्याच्या आवाजातच वाढलेल्या. तांबं, पितळ, कथील त्या कानानं ओळखायच्या. काका गेल्यावर अरविंददादानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, त्यांना अमेरिकेत आणलं आणि स्वयंपाकघरात ठेवून दिलं. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. दादा सकाळच्या गाडीनं शिकागोला ऑफिसला जायचा, वहिनीही नोकरीला. मी त्यांच्या तळघरात राहून एम.एस. करत होतो. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे घराबाहेर त्यांच्या वतीनं बोलायचं काम माझं.

वॉल्टर टपाल खात्यातून निवृत्त झालेला, बायको वारलेली. त्यानं आपलं जुनं मशीन काकूंना देऊन टाकलं. मग दर रविवारी सकाळी नऊला त्याचा ट्रक दारात. काकू साडीवर दादाचा जुना कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट घालून तयार. ओळखीच्या शेतकऱ्यांना विचारून दोघं नांगरलेल्या रानात फिरायची, कधी कधी मीही बरोबर असायचो. काकू मराठीत ओरडायच्या, तो इंग्रजीत पुटपुटायचा, आणि दोघांचं छान चालायचं. तो सोड्याच्या डब्यांची झाकणं खणत बसला की त्या करवादायच्या, "अरे ठोंब्या, पत्रा आहे तो! कान आहेत की पन्हाळी?" खड्डा न बुजवता तो पुढे निघाला तर त्याची धडगत नसे. "उघडी टाकलीस होय जमीन? पांघरूण घाल आधी तिला!" आणि वॉल्टर निमूटपणे परत येऊन माती दाबायचा.

एकदा जुन्या काळचा, आकारानं मोठा सेंट सापडला. त्याला वरच्या बाजूला भोक पाडलेलं होतं. वॉल्टर हिरमुसला. भोक पडलेल्या नाण्याला संग्रह करणारे विचारत नाहीत, असं तो म्हणाला. मी ते काकूंना सांगितलं आणि त्या भडकल्या. "त्यांना काय कळतंय? कुणीतरी लेकराच्या गळ्यात बांधला असेल हा. आमच्याकडे करदोट्यात ओवायचे. सांग त्याला, ज्या पैशाला भोक पाडलं तो पैसा बाजारातून सुटला. तो घरचा झाला." मी शब्दन् शब्द सांगितला. वॉल्टर नांगरलेल्या सरीतच खाली टेकला. मग त्यानं स्वतःच्या बुटाची नाडी काढून त्यात ते ओवलं आणि काकूंच्या हातात दिलं. परतताना तो एक बूट फरफटत चालत होता आणि काकू त्याला हसत होत्या. त्या घरात मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग आपल्या लोकांनी ते पाहिलं. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणाच्या तरी बायकोनं भर पंगतीत वहिनीला विचारलं, "काय हो, तुमच्या सासूबाई हल्ली पार्कात कचरा वेचतात म्हणे? त्या गोऱ्या म्हाताऱ्याबरोबर?" सगळे खो खो हसले. त्या हसण्याची आठवण झाली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. स्वतःच्या आयांना गावाकडेच ठेवून त्यांना नुसते दागिन्यांचे फोटो पाठवणारी माणसं ही! आणि दादाचं म्हणे नाक कापलं गेलं.

पुढच्या रविवारी ट्रकचा हॉर्न वाजला. काकू वरच्या खोलीत कोट घालत होत्या. दादा मला दाराशी गाठून म्हणाला, "हे बघ सुनील, यू टेल हिम. आईला आता इंटरेस्ट नाही म्हण. तू सांगितलंस तर त्याला पटेल. आणि प्लीज यार, सीन नकोय मला."

आणि मी सांगितलं. वॉल्टरनं मला दोनदा विचारलं, "असं त्या स्वतः म्हणाल्या?" मी हो म्हणालो. टोपी हातात घेऊनच तो पायऱ्या उतरला आणि गेला.

काकू खाली आल्या. "आला का रे तो?" खरं सांगितलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं, दादाची सालटी काढली असती आणि माझं तळघर गेलं असतं. मी म्हणालो, "येऊन गेला, काकू. त्याला दुसरा जोडीदार मिळालाय. आता येणार नाही म्हणाला." पहिलं खोटं दादाचं होतं. हे माझं स्वतःचं, कुणी न सांगता बोललेलं. मी मध्ये नसतो तर त्या दोघांनी खुणांनीसुद्धा सगळं समजून घेतलं असतं. ऊठसूट ओरडणाऱ्या काकू जिन्यावर बसल्या. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या.

त्या हिवाळ्याआधीच त्या नाशिकला परत गेल्या. विमानतळावर दादा सामानाच्या रांगेत असताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "वॉल्टर भेटला तर सांग, माझा राग नाही म्हणावं. एकट्या माणसाला सोबत लागतेच."

"सांगतो," मी म्हणालो.

वर्षभरात त्या गेल्या. वॉल्टर त्यानंतरही चार वर्षं जगला. त्याचं घर आमच्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होतं.