डावीकडचं पाणी

छत्री उघडली की परत फिरायचं, हा आमच्या ग्रुपचा एकच नियम होता. ऊन नसलं, पाऊस नसला तरी. हातातल्या दगडाखाली काहीही हलताना दिसत असलं तरी. टीचरनी छत्री उघडली की कुणी ‘एक मिनिट’ म्हणायचं नाही, फोटो काढत थांबायचं नाही. पाठ समुद्राकडे करायची आणि चालायला लागायचं.

ओहोटीला उत्तनच्या खडकांवर जायचं, मागे सरलेल्या पाण्याने खळग्यांमध्ये काय ठेवलंय ते बघायचं आणि भरतीच्या आत बाहेर यायचं, एवढाच आमचा छंद. खेकडे, समुद्रफुलं, दगडाला चिकटलेल्या गोगलगायी, नशीब असेल तर अंगठ्याएवढा ऑक्टोपस. काही घरी न्यायचं नाही. माणसं बहुतेक मीरा रोड-भाईंदरची. आमचा ॲडमिन दादा औषधांचं दुकान चालवायचा. एक गुजराती आंटी होती, तिला खेकड्यांची भीती वाटायची आणि ती एकही वारी चुकवायची नाही.

टीचरनी आमच्यापैकी कुणालाच शाळेत शिकवलेलं नव्हतं. उत्तनच्याच होत्या, तिथल्या जुन्या ख्रिश्चन घरातल्या. विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या माघारी वहिनीसोबत राहणाऱ्या. साडी वर खोचलेली, पायात रबरी बूट आणि हातात ती लांब काळी छत्री, काठीसारखी टेकत.

मी त्यांची पिशवी धरून शेजारी उभी राहायचे. पिशवी हातात असली की कुणी फारसं बोलायला येत नाही. शाळा इंग्रजीतली, घरी मराठी, बिल्डिंगमध्ये हिंदी. कुठल्याच भाषेत मला चारचौघांत पटकन बोलता येत नाही. टीचरना ते चालायचं. त्या खळग्याकडे बोट करायच्या, मी बघायचे, बस्स.

शेजारी उभं राहिल्यामुळे मला एक गोष्ट कळली होती, जी इतरांना माहीत नव्हती. सगळ्यांना वाटायचं टीचर भरतीची वेळ पाठ करून येतात. त्या घड्याळ बघतच नसत. आम्ही ज्या सपाट खडकावर उभे राहायचो, त्याच्या डावीकडून एक खोल चर जायचा आणि वळून आमच्या मागे, खडक आणि वाळू यांच्या मधे शिरायचा. पाणी समोरून यायच्या आधी त्या चरातून यायचं, आमच्या पाठीमागे. चराच्या तोंडाशी कालवांच्या शिंपल्यांनी भरलेला एक उभा दगड होता. टीचर बोलता बोलता मधूनच त्याच्याकडे बघायच्या. दगड अर्धा भिजला की छत्री उघडायची.

टीचरना स्ट्रोक पावसाळ्यात आला. वहिनींनी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, त्यात नुसता श्वास आणि दोन शब्द होते. संध्याकाळपर्यंत निम्मा ग्रुप हॉस्पिटलच्या जिन्याखाली होता. वॉचमनने विचारलं, ‘आप लोग इनके कौन?’ दादा म्हणाला, ‘हम इनके साथ केकड़े देखते हैं.’ वॉचमनने आम्हाला बाहेर काढलं.

पुढे सगळ्यांनी वाटून घेतलं. कुणी फिजिओथेरपीला घेऊन जायचं, कुणी डबा न्यायचा, कुणी नुसतं बसायचं. दादाने लिहिलं होतं, ‘भेटायला जाणाऱ्यांनी आपला रडका चेहरा घरी ठेवून यावे.’ आंटी थेपले घेऊन भाईंदरहून बस पकडायची आणि बसमधून सगळ्यांना कळवायची की थेपले निघाले. टीचर बोलू शकत होत्या, जीभ थोडी जड. डावा हात आणि पाय गेले होते. पाय हळूहळू परत येत होता. सगळे म्हणायचे, वाचल्या. मीही म्हणायचे.

एका दुपारी त्या जेवत होत्या तेव्हा मी होते. ताटात भात, कालवण, तळलेला मासा. त्यांनी उजवीकडचं सगळं नीट खाल्लं, मधोमध रेघ मारल्यासारखं. डावीकडचा भात तसाच, मासा तसाच. हात पुसत म्हणाल्या, ‘आज मासा नाही दिलास गं.’ वहिनींनी ताट अर्धं फिरवलं. टीचरनी मासा बघितला आणि खायला लागल्या.

मी वहिनींच्या मागोमाग उठले.

स्वयंपाकघरात वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, ‘आंधळी न्हाय ती. डोळे बरे हायेत. डॉक्टर बोलला, तिच्या डोक्याला डावी बाजू हाय हेच कळत न्हाय.’

‘त्यांना सांगितलंय?’

‘सांगितलं. ती बोलते, मला सगळं दिसतं.’ मग भांडं खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘ग्रुपात बोलू नकोस. तुम्ही येता, तिला विचारता, म्हणून ती उठून बसते. कळलं तर नुसती फळं घेऊन याल.’

मी हो म्हटलं. गप्प राहायला मला कष्ट पडत नाहीत. पण त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली, आणि ती मी कुणाला देऊ शकत नव्हते. टीचर दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायच्या आणि चौकटीला कुणी हलवलं का असं बघायच्या. मी डावीकडे बसले की माझ्या बोलण्याचं उत्तर यायचं नाही. उठून उजवीकडे बसले की म्हणायच्या, ‘कधी आलीस?’ एकदा त्यांनी मला समजावायला कागदावर खेकडा काढून दाखवला. एक नांगी, चार पाय, सगळे एकाच बाजूला. ‘बघ,’ त्या म्हणाल्या, ‘पूर्ण.’

थंडी पडायला लागली तेव्हा दादाने ठरवलं, टीचरना खडकावर न्यायचं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, चौघांनी उचलून. एका हाताने उघडता यावी म्हणून बटणाची नवी छत्री आणली, लाल. ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या छत्री टीचरच उघडणार. बाकी कुणी शहाणपणा करायचा नाही.’ खाली हात जोडलेले, हृदयं, टाळ्या.

मी एक मेसेज लिहिला आणि पुसला. मग दादाला वेगळं विचारलं, पाण्याकडे कोण लक्ष ठेवणार? त्याने उत्तर दिलं, ‘अगं, टीचर आहेत ना!’ वहिनींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘तू हाय ना.’

त्या रात्री झोप आली नाही. मला चर दिसत होता. वाटत होतं, सांगितलं तर टीचर पुन्हा कधी खडकावर जाणार नाहीत. नाही सांगितलं तर कदाचित आम्ही कुणीच परत येणार नाही. दुसरं जास्त मोठं होतं, हे कळत होतं, तरी बोट फोनवर हलत नव्हतं.

दुपारी ओहोटी होती. चौघांनी खुर्ची उचलली. कोरड्या चरातून जाताना दादा म्हणाला, ‘टीचर, वरात चाललीये. हात हलवा.’

‘आधी खुर्ची सरळ धर, नवरदेवा,’ टीचर म्हणाल्या. ‘पाडशील.’

सगळे हसले. मीही हसले आणि मागे वळून चराची खोली बघितली. वहिनी वाळूवर थांबल्या होत्या. निरोप द्यायला त्यांनी हात वर केला होता, तो मला धमकीसारखा वाटला.

खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली, समुद्राकडे तोंड करून. टीचर इतक्या खूश होत्या की बघवत नव्हतं. सगळे पांगले, खळग्यांवर वाकले, काही दिसलं की ओरडून सांगायचे आणि टीचर बसल्या जागेवरून त्याचं नाव सांगायच्या. एकही चुकलं नाही. फक्त डावीकडून कुणी ओरडलं की त्या उजवीकडे बघून उत्तर द्यायच्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी त्यांच्या डावीकडे उभी होते, म्हणजे त्यांच्यासाठी नव्हतेच.

वारा वाढला. ऊन तिरपं झालं. कालवांच्या दगडाच्या पायाशी फेस आला आणि गेला. मग आला तो गेला नाही.

टीचरची छत्री मांडीवर होती.

आंटीने लांबून विचारलं, ‘टीचर, टाइम?’ टीचरनी उजवा हात हलवला, आहे अजून. आंटी पुन्हा खाली वाकली. मी बघत होते. एकेक जण मान वर करायचा, समुद्राकडे नाही, मांडीवरच्या छत्रीकडे बघायचा आणि निर्धास्त होऊन पुन्हा वाकायचा. फोनवर वेळ सगळ्यांना दिसत असणार. पण छत्री मिटलेली होती, आणि ती मिटलेली असेपर्यंत हलणं म्हणजे टीचरवर विश्वास नाही असं झालं असतं.

दगड अर्धा भिजला.

मी उजवीकडे गेले, वाकले. ‘टीचर, दगड भिजला.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. ‘तुला माहीत होतं होय दगडाचं? मी तर कुणालाच सांगितलं नाही.’ मग समोर बघितलं, उजवीकडे बघितलं. तिकडे खूप दगड होते. त्यातल्या एकावर त्यांची नजर थांबली. ‘कोरडा आहे की अजून.’

‘तो नाही. डावीकडचा.’

‘डावीकडेच बघतेय मी,’ टीचर म्हणाल्या.

इतकं शांतपणे म्हणाल्या की क्षणभर मला माझीच डावी बाजू खात्रीची वाटेना. मी मागे बघितलं. चरात पाणी शिरलं होतं. ते वाहत नव्हतं, नुसतं वर येत होतं, भांड्यात ओतल्यासारखं. वाळू आणि आमच्यामधे एक चकचकीत पट्टा तयार झाला होता. पलीकडे वहिनी चालत पाण्याच्या कडेपर्यंत आल्या होत्या.

मला ते ताट आठवलं. मी खुर्चीचे हात धरले आणि फिरवायला गेले. मागचा पाय खडकाच्या भेगेत अडकलेला होता. खुर्ची कलली. टीचर ओरडल्या, ‘काय करतेस!’ मी त्यांना अंगाने अडवून धरलं. त्यांचं वजन माझ्यावर होतं.

मग माझा आवाज निघाला. मला तो ओळखू आला नाही. ‘दादा! इकडे ये. खुर्ची फिरवायची आहे. आत्ता.’

दादा हसत आला, ‘काय झालं, ऊन लागतंय?’ आणि मग त्याने आमच्या मागे बघितलं. त्याचा चेहरा उतरला. ओरडायला त्याने तोंड उघडलं. मी नको म्हणून मान हलवली, का ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं, आणि खुर्चीच्या पायाकडे बोट केलं. त्याने पाय भेगेतून ओढून काढला. आम्ही दोघांनी खुर्ची उचलली आणि फिरवली.

टीचरच्या समोर चर आला. दगडाचं नुसतं टोक उरलं होतं.

त्या बघत राहिल्या. त्यांना भ्यालेलं मी कधी बघितलं नव्हतं, हॉस्पिटलमध्येही नाही. पाण्याची भीती नव्हती ती. पाणी त्यांना आयुष्यभर माहीत होतं. हे पाणी इतका वेळ तिथे होतं, ह्याची होती. उजवा हात मांडीवर चाचपत छत्रीपर्यंत गेला. अंगठा बटणावर दोनदा घसरला.

छत्री उघडली. सगळीकडच्या माना वर झाल्या, पाठी समुद्राकडे फिरल्या.

चरात उतरलो तेव्हा पाणी गुडघ्यांच्या वर होतं, मधोमध कमरेपर्यंत. खालचे दगड शेवाळाचे. खुर्ची चौघांच्या हातांत डुगडुगत होती. आंटी दादाचा शर्ट मुठीत धरून काहीतरी पुटपुटत होती. एकदा पुढचा एक जण घसरला, खुर्ची त्याच्या बाजूला गेली आणि सगळे तसेच थांबले, पाय रोवून, पाण्याची ओढ मांड्यांना खेचत असताना. मी डावीकडे होते. टीचरचा डावा पाय खुर्चीवरून खाली लोंबत पाण्यात ओढला जात होता, बूट कधीच वाहून गेला होता, आणि त्या समोर बघत होत्या, त्यांना माहीतच नव्हतं. मी तो पाय दोन्ही हातांनी धरला. थंडगार होता. वाळू लागेपर्यंत सोडला नाही.

छत्री अजून उघडी होती. वारा ती मागे ओढत होता, त्याने खुर्ची जास्तच हलत होती. मिटा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

वाळूवर खुर्ची ठेवली. दादा खाली बसला. ‘वरात,’ तो म्हणाला आणि बुटातलं पाणी ओतायला लागला. वहिनी धावत आल्या आणि डावीकडून टीचरच्या गळ्यात पडल्या. टीचर दचकल्या.

मी टीचरच्या उजवीकडे जाऊन बसले. सगळे ऐकत होते, टीचरना ते दिसत होतं, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही.

‘तिकडे अजून काय काय आहे गं?’ टीचरनी विचारलं.

मी सांगायला लागले. सगळ्यांसमोर, थांबत थांबत. ‘वहिनी आहेत. रडताहेत. तुमचा हात आहे, खुर्चीबाहेर लोंबतोय. पायात बूट नाहीये.’

त्यांनी उजव्या हाताने शोधत शोधत डावा हात पकडला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा उचलला आणि मांडीवर ठेवला.

‘आणि?’

मी बघितलं. आम्ही उभे होतो तो सपाट खडक तिथे नव्हता.

‘आणि पाणी,’ मी म्हटलं.