ऑर्कला ओवाळताना

राक्षसांची बाजू घेणारा जगात एकच सज्जन माणूस उरला आहे, आणि तो माझा साडू आहे. साडूंचे पूर्वज म्हणे कुठल्याशा स्वारीबरोबर बंगळुरात आले आणि ट्रॅफिकमुळे परत गेलेच नाहीत. साडू बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटर गेमसाठी ऑर्क काढतात. ऑर्क म्हणजे हिरव्या कातडीचे, सुळेवाले, नायकाच्या हातून घाऊक मरण्यासाठीच जन्माला आलेले जीव. पण साडूंसमोर त्यांना राक्षस म्हणायची सोय नाही. "रोमन लोकांच्या पाताळदेवाच्या नावावरून आलंय हो ते, अण्णा," कॉफी गार होऊ देत ते मला समजावतात. "शब्द मोडणाऱ्याला तो शिक्षा करायचा. आपला बळीराजा शब्द पाळून पाताळात गेला. म्हणजे दोघं शेजारीच की!"

या शेजाऱ्यांसाठी ते सदैव चेहरे शोधत असतात. शिवाजीनगरच्या बाजारात एका खाटकाचा जबडा ते इतका वेळ न्याहाळत राहिले, की शेवटी भिडेखातर खिमा घ्यावा लागला. घरी सगळे शाकाहारी, त्यामुळे तो आमच्याकडे आला. त्यांच्या मागच्या गेममधला ऑर्कांचा सरदार झोपतो तो हुबेहूब माझ्यासारखा. बायकोने पाहताक्षणी ओळखलं.

अडचण एकच, त्यांचे ऑर्क फार सालस निघतात. यंदा त्यांनी किल्ल्याचा एक दारवान काढला. गेम तपासणारा मुलगा त्याच्यासमोर तलवार घेऊन नुसता उभा राहिला. "सर, हा 'ऊटा आयता?' विचारतोय असं वाटतं. जेवलास का विचारणाऱ्याला मारू कसं?" साडू आठवडाभर हवेत होते. मग मॅनेजरने बजावलं, दिवाळीपर्यंत याला राग आणा, नाहीतर ते काम करणारा दुसरा माणूस आणू. मेव्हणी म्हणाली, "नोकरी गेली तर आपल्याला काय तो दारवान पोसणार आहे?" साडूंनी मॅनेजरला शब्द दिला. शब्दाची एवढी थोरवी गाणाऱ्याला तो मोडता येईना. "स्वल्प राग घालतो," असं म्हणून त्यांनी दारवानाच्या भुवया खाली ओढल्या, सुळे वाढवले. दिवाळीत गेम बाजारात आला आणि लोक त्याला धडाधड मारू लागले. साडूंचं जेवणावरचं लक्षच उडालं.

पाडव्याला आम्ही त्यांच्या मारतहळ्ळीच्या घरी जेवायला गेलो. मेव्हणी त्यांना ओवाळत होती आणि ते पाटावर पडेल चेहऱ्याने बसले होते. शेजारी लॅपटॉप उघडा होता, त्यावर दारवानाचं पहिलं, जुनं चित्र. ऑर्कचं नाव निघालं की कपाळाला हात लावणारी ही बाई. पण नवऱ्याला ओवाळून झाल्यावर तिने तबक खाली ठेवलं नाही. पदर सावरून ती लॅपटॉपकडे वळली आणि त्या हिरव्या तोंडालाही रीतसर ओवाळलं. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो," ती म्हणाली. कुणी हसलं नाही.

साडूंनी डोळे पुसले. "खरं सांगा अण्णा, विचारतोय ना तो?"

मी वाकून नीट पाहिलं. विचारत होता. आणि आम्ही कुणीच अजून जेवलो नव्हतो.